इन्फंट्री भरू का सर्व्हिसेस? मानेवाड्याच्या बंटीचं प्रकरण

पार्श्वभूमी

पोराचं नाव सांगत नाही, बंटी म्हणू, नागपुरात तसाही दर तिसऱ्या घरात एक बंटी असतोच. बाकीच्या पण दोन-चार खुणा बदलल्यात. घर मानेवाडा रोडला, बाबा एसटीतून क्लार्क म्हणून रिटायर, आई घरीच, मोठी ताई लग्न होऊन पुण्याला, आणि मामा वाडीला राहतात, अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत नोकरी. बंटी मेकॅनिकल इंजिनियर. एसएसबीतून, म्हणजे फौजेचे अधिकारी निवडायच्या मुलाखतीतून, दोनदा रिकाम्या हाताने परत आला, तिसऱ्यांदा भोपाळला झालं, सीडीएस परीक्षेच्या मेरिटमधे नाव लागलं आणि डेहराडूनला आयएमएत, म्हणजे अधिकारी घडवायच्या अकादमीत गेला. तिथलं ट्रेनिंग दीड वर्षाचं, सहा-सहा महिन्यांच्या तीन टर्म.

माझा संबंध असा की मी स्वतः एएससीत, म्हणजे आर्मी सर्व्हिस कोअरमधे, शॉर्ट सर्व्हिसवर, म्हणजे ठराविक वर्षांच्या नोकरीवर, दहा वर्षं काढली, मेजर म्हणून बाहेर पडलो आणि आता मिहानमधे एका वेअरहाउसचं काम बघतो. रविवारी सकाळी अंबाझरीला पोट्ट्यांना पळवतो, पळून झालं की तर्री-पोहे खात एसएसबीबद्दल बोलतो. क्लास नाही हां, फी नाही, बोर्ड नाही. बंटी तिथलाच.

दुसरी टर्म संपवून तो डिसेंबरच्या शेवटी सुट्टीवर घरी आला. शेवटच्या टर्ममधे एक फॉर्म भरावा लागतो, कुठल्या आर्ममधे किंवा सर्व्हिसमधे जायचं त्याच्या पसंतीचा. त्या फॉर्मने त्या घरात महिनाभर जे काही केलं ते हे प्रकरण.

प्रश्न काय होता

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लढणाऱ्या शाखा म्हणजे इन्फंट्री म्हणजे पायदळ, आर्मर्ड म्हणजे रणगाडे, आणि मेकनाइज्ड इन्फंट्री. त्यांच्या जोडीला आर्टिलरी, इंजिनियर्स, सिग्नल्स, एअर डिफेन्स वगैरे, यांना कॉम्बॅट सपोर्ट म्हणतात. आणि मग सर्व्हिसेस, म्हणजे एएससी (रसद आणि वाहतूक), ऑर्डनन्स (दारूगोळा आणि सामान), ईएमई (गाड्या-हत्यारांची दुरुस्ती). पसंती तुम्ही भरता, पण शेवटी मिळतं ते पसंती, मेरिट आणि त्या कोर्सला कुठे किती जागा आहेत या सगळ्याचा हिशेब होऊन. बाप किंवा भाऊ एखाद्या रेजिमेंटमधे असेल तर त्याचा क्लेम लागतो. बंटीच्या सात पिढ्यांत कोणी फौजेत नव्हतं, त्यामुळे तो विषयच नाही, आणि मेरिटमधे गडी मधोमध.

बंटीचं म्हणणं, पहिल्या नंबरवर इन्फंट्री, त्यातही ब्रिगेड ऑफ द गार्ड्स, कारण "काका, गार्ड्सचं सेंटर कामठीला आहे, घरापासून वीस-बावीस किलोमीटर." बाबांचं म्हणणं ऑर्डनन्स, कारण पुलगावचा दारूगोळ्याचा डेपो वर्धा जिल्ह्यात, शनिवारी निघाला की जेवायला घरी. मामा म्हणे ईएमई, मेकॅनिकलची डिग्री वाया काऊन घालवतो? आणि आई फक्त एवढंच म्हणून राहिली होती की काहीपण कर, पण सगळ्यात पुढे बंदूक घेऊन जायचं काम करू नको.

गंमत बघा, बंटी आणि बाबा दोघंही एकाच चुकीवर उभे होते. कामठीला रेजिमेंटल सेंटर आहे, तिथे भरती झालेल्या जवानांचं ट्रेनिंग चालतं, पण गार्ड्सच्या बटालियन देशभर फिरत असतात. ऑर्डनन्सचंही तेच, पुलगाव मोठा डेपो आहे म्हणून काय सगळे ऑर्डनन्सवाले तिथेच बसून राहतात का? म्हणजे भांडण नागपूरच्या उत्तरेला राहायचं का नैऋत्येला यावर चाललं होतं, आणि दोन्हीकडे घर मिळण्याची काहीच गॅरंटी नव्हती.

आईच्या म्हणण्यातही एक गाळलेली गोष्ट होती. सर्व्हिसेसच्या पोरांना कमिशन मिळाल्यावर सुरुवातीलाच इन्फंट्रीच्या पलटणीबरोबर अटॅचमेंट करावी लागते. मी केली. कारगिलमधे ज्याला महावीर चक्र मिळालं तो कॅप्टन केंगुरूसे, नागालँडचा, द्रासला सोळा हजार फुटांवर बूट काढून अनवाणी कडा चढलेला, तो मूळचा एएससीचाच, राजपुताना रायफल्सबरोबर होता. सर्व्हिसेस म्हणजे सेफ, हे लग्नाच्या स्थळात सांगायला ठीक आहे.

पहिला वळणाचा मुद्दा, आणि माझी चूक

बंटी पहिल्यांदा एकटाच भेटायला आला, मेडिकल चौकातल्या टपरीवर, थंडी मजबूत होती, दोघांच्या हातात कटिंग. त्याने विचारलं काय भरू. मी त्याला एक प्रश्न न विचारता सांगून मोकळा झालो, "सर्व्हिसेस भर, इंजिनियर आहेस, बाबांची तब्येत बघ, माझं ऐक." कटिंग संपायच्या आत निकाल.

असं का बोललो? थोडी काळजी होती, खोटं कशाला बोलू, आणि थोडं माझं स्वतःचं दुखणं. मेसमधे सर्व्हिसेसवाल्याला जी थट्टा ऐकावी लागते ती मी दहा वर्षं ऐकली, त्यात कर्नलच्या बढतीच्या वाढीव जागांचं प्रकरण, २००९ च्या धोरणात त्या जागा जास्त करून लढणाऱ्या शाखांकडे गेल्या, आमच्यातले काही जण कोर्टात गेले आणि २०१६ मधे सुप्रीम कोर्टाने धोरण कायम ठेवलं. शॉर्ट सर्व्हिसवाल्या मला त्याचा थेट काही फरक नव्हता तरी कुठेतरी खुपत होतं, आणि पोट्टा आमच्याकडे आला तर बरं असं आतून वाटलं असणार. ते त्याच्या डोक्यावर मारलं.

पाच दिवस बंटीचा फोन नाही. रविवारी पळायलाही आला नाही. मग मामांचा फोन आला, की साहेब तुम्ही सांगितलं म्हणून घरात बाबा जिंकले आणि पोरगा जेवत नाही.

पर्याय

मग मी सुट्टी टाकली आणि त्यांच्या घरी गेलो, आणि यावेळी कागद घेऊन बसलो. फायदे-तोटे नाही लिहिले, त्याने काही कळत नाही. प्रत्येक पर्यायाखाली एवढंच लिहायचं ठरवलं की चोवीस-पंचवीसाव्या वर्षी, साध्या मंगळवारी, हा अधिकारी सकाळपासून रात्रीपर्यंत करतो काय.

पगारावरून आधी वाद होता तो तिथेच मिटला. लेफ्टनंटचं बेसिक ५६,१०० आणि मिलिटरी सर्व्हिस पे १५,५००, कुठल्याही आर्ममधे गेला तरी सारखंच. फरक पडतो तो कुठे पोस्टिंग आहे त्याच्या भत्त्यांचा.

ईएमई आणि ऑर्डनन्सचा मंगळवार मामांना लगेच कळला, वर्कशॉप, स्टोअर, गाड्या किती चालू किती बंद, सुट्या भागांची मागणी, ऑडिट, आणि हाताखाली ट्रेडमधले मुरलेले लोक. यात कमीपणा काहीच नाही, गाडी चढावर बंद पडली की इन्फंट्रीवाला पण ईएमईलाच हाक मारतो.

इंजिनियर्स हा मधला मार्ग मीच टाकला. पूल, रस्ता, सुरुंग. बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांनी एप्रिल १९४८ मधे नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढत रणगाड्यांना वाट करून दिली, परमवीर चक्र मिळालं. बाबांना राणे माहीत होते, पण ते इन्फंट्रीचे नव्हते हे माहीत नव्हतं. ते थोडे गप्प झाले.

मेकनाइज्ड इन्फंट्री ऐकून मामा एकदम खूश, मेकनाइज्ड म्हणजे मेकॅनिकल! नाही हो मामा. बीएमपी नावाची ती गाडी, तीन जण चालवणारे आणि मागे सात जवान, आणि अधिकाऱ्याचं काम गाडी दुरुस्त करायचं नसतं, कुठे उतरायचं आणि कधी ते ठरवायचं असतं. आणि ज्या गार्ड्ससाठी बंटी हट्टाला पेटला होता त्यांच्या बऱ्याच बटालियन मेकनाइज्डच आहेत, हे त्यालाही धड माहीत नव्हतं. आयएमएतून आलेला पोरगा, पण डोक्यात रील्स.

इन्फंट्रीचा मंगळवार लिहायला सगळ्यात वेळ लागला. बंटीच्या डोक्यात हल्ला, चढाई, झेंडा. मी लिहिलं: सकाळी पीटी जवानांबरोबर, त्यांच्या पुढे. मग हत्यारं मोजणं, एक मॅगझिन कमी निघालं तर अख्खी कंपनी उभी. मग छुट्टीचा तक्ता. जवानाला वर्षाला साठ दिवस ॲन्युअल आणि तीस दिवस कॅज्युअल लीव्ह, पण शंभर-सव्वाशे माणसांच्या कंपनीतून एका वेळी किती सोडायचे, कोणाची कापणी आहे, कोणाच्या बहिणीचं लग्न, कोणाची बायको बाळंतपणाला आणि कोण खोटं बोलून राहिला आहे, हे कंपनी कमांडरला आणि त्याच्या हाताखालच्या लेफ्टनंटला माहीत पाहिजे. दुपारी फायरिंग किंवा कोणाचा तरी प्रमोशनचा अभ्यास घेणं. आणि तुझ्या प्लाटूनमधे तीसेक माणसं, त्यात सुभेदार साहेब, ज्यांची नोकरी तुझ्या वयाएवढी. ते तुला सलाम करणार आणि तू त्यांच्याकडून शिकणार, हे दोन्ही एकाच वेळी जमलं पाहिजे.

बंटी म्हणाला, "काका, हे तर क्लास टीचरचं काम झालं."

म्हटलं दिवसाचं हो.

रात्रीचं काम

इथे मी अटॅचमेंटमधली एक रात्र सांगितली. एलसी म्हणजे नियंत्रण रेषेजवळची पोस्ट, ॲम्बुशला, म्हणजे दबा धरून बसायला, निघायचं होतं. आधी वाळूवर जमिनीचा नमुना करून कोण कुठे पडून राहणार, कोणाची बंदूक कुठून कुठपर्यंत फिरणार, कोणी फायर उघडायचं, रेडिओवर काय बोलायचं, सगळं दोनदा. निघताना मेजर साहेबांनी सगळ्यांना ओळीत उभं करून जागच्या जागी उड्या मारायला लावल्या. का, तर कोणाच्या अंगातून काय वाजतं ते ऐकायला. एकाच्या खिशातून चिल्लर निघाली, एकाच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण सैल, आणि तिसरा आवाज माझा, घराच्या किल्ल्यांचा जुडगा, जो मी उगाच नागपूरहून घेऊन फिरत होतो. साहेब काही बोलले नाहीत, हात पुढे केला, मी किल्ल्या दिल्या.

रात्री दोनच्या सुमारास खालच्या नाल्यात हालचाल. काळं काहीतरी, थांबतंय, परत सरकतंय. माझ्या शेजारचा जवान बोट ट्रिगरवर नेऊन साहेबांकडे बघतोय. सगळेच बघताहेत. फायरचा हुकूम फक्त त्यांचा. साहेबांनी हाताचा पंजा जमिनीवर दाबून ठेवला, म्हणजे थांबा. पाच मिनिटं. दहा मिनिटं. माझ्या घशाला कोरड. शेवटी ते उजेडात आलं, चुकलेलं खेचर होतं. खोगीर तिरकं झालेलं, बहुतेक खालच्या गावातल्या गुज्जरांचं.

आता विचार करा, त्या दहा मिनिटांत फायर केलं असतं तर खेचर मेलं असतं, आमची जागा सगळ्या डोंगराला कळली असती, आणि मागे त्याला शोधत एखादा म्हातारा येत असता तर? आणि खेचराऐवजी खरोखर चार जण असते आणि साहेब दहा मिनिटं थांबले असते तर? उत्तर दोन्हीकडे चुकू शकतं आणि विचारायला कोणी नाही. बंदूक तर सगळेच चालवतात, जवान बहुतेक तुमच्यापेक्षा चांगली चालवतो. हुकूम देणं आणि न देणं, आणि दोन्हीचा हिशेब सकाळी स्वतःच्या नावाने लिहून देणं, एवढ्यासाठी तिथे अधिकारी ठेवलेला असतो. हे मला बंटीला सांगायचं होतं.

सांगितलं. पण आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती ते मी बघितलंच नाही. त्यांना त्यातलं खेचर ऐकूच आलं नाही, फक्त नाला, अंधार आणि काळं काहीतरी. चहाचे कप तसेच ठेवून वहिनी आत गेल्या.

दुसरा वळणाचा मुद्दा

बंटीला म्हटलं, दोन दिवस फॉर्मचा विषय बंद, आणि बाबांना घेऊन एकटाच सक्करदऱ्याच्या तलावावर चक्कर मारायला गेलो. तिथे पहिल्यांदा खरी गोष्ट निघाली. दोन वर्षांपूर्वी बाबांची बायपास झाली तेव्हा रात्री अकराला बंटीने त्यांना ऑटोत टाकून नेलं होतं. पुढच्या वेळी कोण नेणार? बाबांना ऑर्डनन्सचं काही पडलं नव्हतं. त्यांना एक ऑटो पाहिजे होता आणि त्यात बसवणारा माणूस.

हा प्रश्न फॉर्मने सुटणारच नव्हता. पुलगावला असता तरी रात्री अकराला तो शंभर किलोमीटरच्या आसपास लांब. मग त्यावर वेगळं बसलो, मामांना बोलावलं. रात्री-बेरात्री फोन मामांना आणि शेजारच्या कूलर-रिपेअरवाल्या भाऊला, कारण त्याच्याकडे गाडी आहे आणि तो एक वाजेपर्यंत जागाच असतो. औषधांची यादी आणि जुने रिपोर्ट एका पिशवीत, दाराच्या मागे खुंटीला. डिपेंडंट म्हणून नाव लागत असेल तर कामठीच्या मिलिटरी हॉस्पिटलचं बघायचं, पण त्याला उत्पन्नाची अट असते आणि बाबांचं पेन्शन आहे, म्हणून त्यावर भरवसा ठेवायचा नाही. ताईने महिन्यातून एकदा यायचं. अर्ध्या तासाचं काम होतं आणि महिनाभर त्याच्याऐवजी ऑर्डनन्स, ईएमई चाललं होतं.

कामठीला माझा एक कोर्समेट होता, गार्ड्समधला. त्याच्याशी बंटीचं फोनवर बोलणं करून दिलं, मी खोलीच्या बाहेर थांबलो. चाळीस मिनिटं. काय बोलले विचारलं नाही. बाहेर आल्यावर बंटीने फक्त एवढं विचारलं, "काका, तुम्हाला त्या किल्ल्या परत मिळाल्या का?"

मिळाल्या, सकाळी. चहाबरोबर.

निकाल

जानेवारीत तो परत गेला, फॉर्ममधे पहिल्या पसंती इन्फंट्रीच्या, मग इंजिनियर्स, मग ईएमई. गार्ड्स मिळाली नाही. इन्फंट्री मिळाली, पण अशी रेजिमेंट की जिथली भाषा त्याला अ पासून शिकावी लागली, कारण जवानांशी त्यांच्या भाषेत बोलता येणं तिथे सक्तीचं. जूनमधे पासिंग आउटला आई-बाबा डेहराडूनला गेले, खांद्यावरचे स्टार आईने लावले. फोटोत वहिनींचा चेहरा बघितला तर वाटतं एखाद्याच्या तेराव्याला आल्या आहेत, पण हात सरळ आहे.

मधे एक गोष्ट घडली ती मला नंतर कळली. २६ जानेवारीला सीताबर्डीचा किल्ला लोकांसाठी उघडतात, तिथे टेरिटोरियल आर्मीची पलटण असते, तर बाबा कोणाला न सांगता एकटेच वर चढून गेले. बायपासवाला माणूस! एका हवालदाराशी अर्धा तास बोलत बसले, की तुमचे साहेब कसे आहेत, छुट्टी देतात का. हवालदार काय म्हणाला ते ते सांगत नाहीत.

पोस्टिंगनंतर तिसऱ्या महिन्यात बाबांच्या छातीत परत दुखलं. रात्री साडेबाराला. कूलरवाल्या भाऊने गाडी काढली, मामा थेट हॉस्पिटलला पोचले, पिशवी खुंटीवरून निघाली. ॲन्जिओग्राफी, एक स्टेंट. बंटीच्या पोस्टचा रस्ता बर्फाने बंद होता, त्याला यायला चार दिवस लागले. चार दिवस वहिनी माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. बाबा आता बरे आहेत.

बंटी कसा आहे? आवाज बदललाय. मधे फोनवर म्हणाला की सुभेदार साहेबांनी मला छुट्टीचा तक्ता तीनदा परत करायला लावला, तिसऱ्यांदा कुठे बरोबर आला. खूश होता का वैतागला होता ते कळलं नाही.

आता असं प्रकरण आलं तर

टपरीवरचा सल्ला देणार नाही, हे तर आलंच. पण फक्त गप्प बसूनही भागत नाही, कारण पोरं विचारतात तेव्हा त्यांना उत्तर पाहिजेच असतं. मी आधी स्वतःचं सांगून टाकीन, की बाबा, मी एएससीचा, माझं मन तिकडे झुकतं, आता हे लक्षात ठेवून ऐक.

घरच्यांना आधी भेटायचं, आणि सगळ्यांना एकत्र नाही. बाबा तलावावर जे बोलले ते दिवाणखान्यात मामांसमोर कधीच बोलले नसते. आईशी तर मी वेगळा बसलोच नाही, सगळ्या प्रकरणात ती एक व्यक्ती मी फक्त चहा आणणारी म्हणून बघितली, आणि खेचराची गोष्ट तिच्या कानावर अर्धी पडली. ती गोष्ट सांगायचीच तर तिला समोर बसवून, शेवटापर्यंत सांगायला पाहिजे होती.

आणि बर्फाचं बोललो नाही. मंगळवारच्या कागदात सगळं लिहिलं, रस्ता बंद होतो आणि चार-चार दिवस निघता येत नाही हे लिहिलं नाही. मला माहीत होतं. बंटीचं मन मोडेल म्हणून नाही लिहिलं का बाबांचं, ते अजून ठरवता येत नाही.

मागच्या रविवारी हिंगण्याचा एक पोट्टा आला, ओटीएचा, म्हणजे शॉर्ट सर्व्हिसवाल्यांच्या अकादमीचा, सप्टेंबरमधे पासिंग आउट, आर्म्सचा फॉर्म भरायचाय म्हणे. त्याला पोहे दिले आणि विचारलं, घरी आजारी कोण आहे? तो म्हणाला, काका हे काऊन विचारून राहिले? म्हटलं सांग तर आधी. आजी आहे, तिचं डायलिसिस चालू आहे. या शनिवारी जातो त्याच्याकडे.